जॉर्जियन काळातल्या घरंदाज बायकांचा हिवाळा आणि त्यांच्या मैत्रिणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या जॉर्जियन काळावरच्या मालिका पाहिल्या की नाच, पंखे, हातमोजे आणि लग्नाची जुळवाजुळव एवढंच लक्षात राहतं. त्या काळातल्या बायकांची पत्रं आणि डायऱ्या वाचायला घेतल्या की वेगळंच काही दिसतं. कोण भेटायला आलं, कोणाच्या गाडीतून परत जाता आलं, कोणाची तब्येत बिघडली, कोणी पुस्तक पाठवलं, यांनीच पानंच्या पानं भरलेली असतात. माझं मत आता पक्कं झालंय. हिवाळ्यातल्या या गाठीभेटी ही त्यांची चैन नव्हती. घर, पैसा आणि प्रवास पुरुषांच्या हातात असताना अडीनडीला उभं राहील असं माणूस त्यांना स्वतःच जोडावं लागे, आणि ते जोडण्याचे दिवस हिवाळ्याचे होते.

जॉर्जियन काळ म्हणजे नेमका कधीचा?

१७१४ साली पहिला जॉर्ज गादीवर आला आणि १८३० साली चौथा जॉर्ज वारला. मधली सगळी वर्षं जॉर्ज नावाच्या चार राजांची. आपल्याकडे सुरुवातीला बाळाजी विश्वनाथ नुकतेच पेशवे झाले होते, आणि हा काळ संपला तेव्हा पेशवाई बुडून १२ वर्षं झाली होती. १८११ ते १८२० या तुकड्याला रीजन्सी, म्हणजे राजाऐवजी युवराजाने कारभार पाहण्याचा काळ, म्हणतात. बहुतेक मालिका त्याच दशकात घडतात, त्यामुळे सगळा जॉर्जियन काळ तसाच होता असं वाटायला लागतं.

घरंदाज बायका म्हणजे कोण? राण्या आणि सरदारीणी?

त्या वरच्या थरातल्या झाल्या. इथे बोलायचंय ते जमीनदार, पाद्री, वकील, लष्करातले आणि आरमारातले अधिकारी, मोठे व्यापारी यांच्या बायका, मुली, बहिणी आणि विधवा यांच्याबद्दल. हातात नोकरचाकर असत, पण रोख पैसा क्वचितच असे. लग्न झालं की बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याच्या हाती जाई. लग्न झालं नाही, तर आधी वडिलांच्या आणि मग भावाच्या आधाराने राहायचं. पगारी काम करणं कमीपणाचं मानलं जाई, त्यामुळे गव्हर्नेस, म्हणजे दुसऱ्यांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका, झालेली मुलगी धड वरच्या थरात नसे, धड खालच्या.

लँकेशायरमध्ये कोल्न गावाजवळ राहणाऱ्या एलिझाबेथ शॅकलटन (१७२६–१७८१) या अशाच एक. घरात चहाला कोण आलं, जेवायला कोण थांबलं, कोणी काय भेट पाठवली, याची नोंद त्या वर्षानुवर्षं डायरीत करत राहिल्या. सरदारांच्या दरबारापासून फार लांब असलेल्या घरात माणसं कशी जोडली जात, हे समजून घ्यायला या डायऱ्यांइतकं चांगलं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही.

हिवाळाच का? उन्हाळ्यात भेटीगाठी होत नव्हत्या?

होत होत्या, पण माणसं पांगलेली असत. उन्हाळ्यात घरंदाज कुटुंबं आपापल्या गावाकडच्या घरी जात, शेतीवाडीकडे बघत, नाहीतर समुद्रकाठी हवापालट करत. संसदेचं अधिवेशन साधारण नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान सुरू होई आणि जून-जुलैपर्यंत चाले. खासदार लंडनला आले की बायका-मुलीही येत. म्हणून अठराव्या शतकात लंडनमध्ये हिवाळा काढणं म्हणजे समाजात वावरणं. पुढे पुढे ऐन गर्दीचे दिवस ईस्टरनंतर सरकले.

लंडन परवडत नसेल तर बाथ हे शहर होतंच. तिथल्या गरम झऱ्यांचं निमित्त तब्येतीचं, खरं आकर्षण माणसांचं. १७७१ साली तिथे नवे असेंब्ली रूम्स उघडले: नाचाचं दालन, चहाचं दालन, पत्त्यांची खोली. नाचाच्या दालनात पाच झुंबरं होती आणि प्रत्येकात ४० मेणबत्त्या. सोमवारी आणि गुरुवारी नाच, आणि रात्री ११ च्या ठोक्याला वाद्यं बंद. ही शिस्त बाथमधल्या समारंभांचे प्रमुख ब्यू नॅश यांनी आधीच्या पिढीत घालून दिलेली. अनोळखी माणसांची रीतसर ओळख करून द्यायलाही तिथे खास अधिकारी असे. नव्याने आलेल्या, कोणीच ओळखीचं नसलेल्या बाईला याचं महत्त्व किती वाटत असेल!

खेड्यात मात्र हिवाळा खरोखर लांबलचक. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, रस्ते चिखलाचे किंवा बर्फाचे, आणि जवळच्या मैत्रिणीचं घर तीन-चार मैलांवर. तालुक्याच्या गावी एखाद्या सराईच्या मोठ्या खोलीत महिन्यातून एकदा नाच होई. त्याची वाट महिनाभर पाहिली जाई.

रात्रीची निमंत्रणं पौर्णिमेच्या सुमाराला देत, हे खरं आहे का?

अगदी खरं. गावाकडच्या रस्त्यांवर दिवे नसत. गाडीला टांगलेल्या कंदिलाचा उजेड घोड्यांच्या पुढे फारसा पोचत नसे. खड्ड्यात चाक गेलं की गाडी कलंडायची. त्यामुळे मेजवानीची किंवा नाचाची तारीख ठरवताना यजमानीण छापील पंचांग काढून पौर्णिमा बघत असे. पौर्णिमेच्या अलीकडची-पलीकडची रात्र मिळाली तर लोक येत. अमावास्येला कोणी बोलावत नसे.

ऐन वेळी आभाळ भरून आलं तर पाहुण्यांना रात्रभर ठेवून घ्यावं लागे. बिछाने मोजकेच, मग दोन मैत्रिणींनी एका बिछान्यात झोपायचं ही अगदी साधी गोष्ट होती. रस्ते वाईट म्हणून भेटीच लांबत. मैत्रिणीकडे गेलेली मुलगी पंधरा दिवस, महिना, कधी अख्खा हिवाळा राहून येई. इतके दिवस एका घरात काढले की माणूस आतून-बाहेरून कळतं. आपण ज्याला त्यांच्या मैत्रीतली जवळीक म्हणतो, तिचा मोठा भाग या मुक्कामांत तयार झालेला आहे.

बाईला एकटीने मैत्रिणीकडे जाता यायचं का?

चालत जाण्याइतकं जवळ असेल तर हो. त्यापलीकडे फार अवघड. स्वतःची गाडी ठेवणं म्हणजे घोडे, गाडीवान, तबेला आणि वर सरकारी कर. पाद्र्याच्या किंवा विधवेच्या घरात ते परवडत नसे. सार्वजनिक गाडीतून तरुण मुलीने एकटीने लांबचा प्रवास करणं लोकांना पटत नसे. म्हणून भाऊ कधी निघतोय, काकांची गाडी त्या दिशेला कधी जातेय, याची वाट पाहावी लागे. कादंबरीकार जेन ऑस्टिन यांच्या पत्रांत ही अडचण वारंवार दिसते. मैत्रिणीकडे किंवा बहिणीकडे जायचं की परतायचं, हे भावांच्या सोयीवर ठरे.

बाथसारख्या शहरात जरा मोकळीक होती. दोन माणसांनी दांड्यांवर उचलायचे बंदिस्त मेणे भाड्याने मिळत. ते थेट घराच्या दिवाणखान्यापर्यंत येत, त्यामुळे पावसात नाचाचे कपडे भिजत नसत. पायी जायचं असेल तर बुटांखाली लोखंडी कडं लावलेले लाकडी तळवे बांधायचे आणि फरसबंदीवर खणखण आवाज करत चिखलातून वाट काढायची.

ओळख झाल्यावर लगेच मैत्री करता येत असे का?

नाही. आधी भेट द्यायची, मग समोरच्या बाईने परतभेट द्यायची, मग पुढचं. या भेटी दुपारच्या मुख्य जेवणाआधी होत आणि पाव तासाच्या असत. यजमानीण घरात असूनही नोकराने "बाईसाहेब घरी नाहीत" असं सांगणं शिष्टसंमत होतं. मग नावाचं कार्ड ठेवून परतायचं. परतभेट आलीच नाही, तर काय समजायचं ते समजायचं. हिवाळ्यात शहरात येणाऱ्या बाईचे पहिले कित्येक दिवस कार्डं टाकण्यात जात.

याची कडू बाजूही होती. लंडनमध्ये १७६५ साली उघडलेल्या ऑलमॅक्स या नाचाच्या सभागृहात बुधवारच्या नाचाला कोणाला येऊ द्यायचं हे काही मोजक्या सरदारीणी ठरवत. सुरुवातीची वर्गणी १२ आठवड्यांना १० गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग) होती, पण पैसे असून भागत नसे. त्यांच्यापैकी कोणीतरी परवाना द्यावा लागे. आत मिळायचं काय, तर लिंबू सरबत, चहा आणि पातळ कापलेला पाव-लोणी. तरी त्या परवान्यासाठी घराघरांत अश्रू ढाळले गेले. बायकांच्या हाती अधिकार आला की तो नेहमी मायेनेच वापरला गेला असं नाही.

एखादी हिवाळी संध्याकाळ कशी जायची?

खेड्यात मुख्य जेवण दुपारी साडेतीन-चारला, लंडनमध्ये सहा-सातला. जेवण झालं की यजमानीण नजरेने खूण करी, सगळ्या बायका उठून दिवाणखान्यात जात आणि पुरुष पोर्ट वाइन घेत मागे बसत. इतिहासकार या रिवाजाकडे बायकांना बाजूला सारणं म्हणून पाहतात, आणि त्यात तथ्य आहे. पण तो तास-दीड तास पूर्णपणे बायकांचा असे. कोणाचं बाळंतपण जवळ आलंय, कोणाचा नवरा कर्जात आहे, कोणत्या मुलीला कुठलं स्थळ नको आहे, हे बोलायला दुसरी वेळच नव्हती.

खोलीत ऊब फक्त फायरप्लेसच्या समोर. तोंड भाजे आणि पाठ गारठे, म्हणून आगीच्या आणि चेहऱ्याच्या मधे ठेवायला छोटे भरतकाम केलेले पडदे असत. पाहुणे असले तर मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या लावायच्या, घरचीच माणसं असली तर चरबीच्या. चरबीच्या मेणबत्तीला वास येई, धूर होई आणि तिची काजळलेली वात सारखी कापावी लागे. दोन्हींवर कर होता. एक चांगली मेणबत्ती टेबलाच्या मधोमध ठेवून तिच्याभोवती चार-पाच जणी टाके घालत बसत. प्रत्येकीची शिवणाची पिशवी सोबत. पाहुण्यांसमोर सहसा नाजूक काम: जाळी विणणं, कशिदा, कागदाच्या गुंडाळ्यांची नक्षी. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी हात चालू ठेवून ऐकायचं. एका मेणबत्तीत आणि एका उसन्या पुस्तकात पाच जणींची संध्याकाळ भागे.

मग चहा. चहाच्या पेटीला कुलूप आणि किल्ली घरमालकिणीच्या कमरेला. उकळत्या पाण्याचं भांडं नोकर आणून ठेवी, पण चहा करायचा तो घरातल्या बाईने किंवा मोठ्या मुलीने. चहाच्या वेळेला पुरुष येत आणि पत्ते मांडले जात, कोणी पियानोवर बसे. निघण्याआधी काहीतरी थंड खाणं होई.

पत्ते म्हणजे जुगार?

बहुतेक घरांत शिलिंग-पेन्सचा खेळ. हरलेल्या चार नाण्यांची नोंदही खर्चाच्या वहीत होई. लंडनच्या वरच्या वर्तुळात मात्र फॅरो नावाच्या खेळाने घरं बुडवली. डेव्हनशायरच्या डचेस जॉर्जियाना यांचं कर्ज त्यांना आयुष्यभर पुरलं आणि ते नवऱ्यापासून लपवण्यात त्यांची निम्मी शक्ती गेली. लेडी बकिंगहमशायर तर घरात फॅरोचं टेबल चालवत. १७९७ साली त्यांना आणि त्यांच्या सोबतिणींना प्रत्येकी ५० पौंड दंड झाला. हिवाळी रात्री लांब आणि करायला काही नाही, यातून हेही निघालं.

'ब्लूस्टॉकिंग' म्हणजे कोण होत्या?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. साधारण १७५० नंतर लंडनमध्ये एलिझाबेथ मॉन्टेग्यू, एलिझाबेथ व्हेझी आणि फ्रान्सिस बॉस्कवेन या तिघींनी आपापल्या घरी संध्याकाळच्या बैठका सुरू केल्या. नियम साधा: पत्ते नाहीत, दारू नाही, गप्पा हव्यात. चहा, सरबत, बिस्किटं आणि पुस्तकांवर बोलणं. बायका आणि पुरुष बरोबरीने बसत. बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हे विद्वान गृहस्थ पांढऱ्या रेशमी मोज्यांऐवजी रोजचे निळे लोकरी मोजे घालून येत, त्यावरून हे नाव पडलं.

प्रत्येकीची रीत निराळी. मॉन्टेग्यूबाई खुर्च्या अर्धवर्तुळात मांडत आणि स्वतः मधे बसत. व्हेझीबाईंना अशी शिस्त सोसत नसे. त्या खुर्च्या इकडेतिकडे विखरून ठेवत, म्हणजे लोक लहान लहान घोळक्यांत बसतील. त्यांना ऐकू कमी येई. कानाला लावायचे कर्णे बरोबर घेऊन त्या एका घोळक्यातून दुसऱ्यात फिरत, कारण कुठलीही गप्पा निसटू नये असं त्यांना वाटे. ऐकू न येणाऱ्या बाईने शहरातल्या उत्तम गप्पांचं घर चालवावं, यात मला फार मोठं मन दिसतं.

मॉन्टेग्यूबाईंचे पती १७७५ साली वारले. त्यांच्या कोळसा खाणी इंग्लंडच्या उत्तर भागात होत्या, आणि त्या बाईंनी स्वतः चालवल्या. लंडनच्या घराघरांत जळणारा कोळसा उत्तरेकडून जहाजांनी येई. त्या व्यवसायातून आलेल्या पैशातला काही भाग मैत्रिणीकडे गेला. एलिझाबेथ कार्टर (१७१७–१८०६) या डील गावच्या पाद्र्याच्या कन्या, ग्रीकच्या पंडिता, लग्न न केलेल्या. १७५८ साली त्यांनी तत्त्वज्ञ एपिक्टेटस यांचं इंग्रजी भाषांतर छापलं. त्यामागे कॅथरिन टॅलबट या मैत्रिणीने वर्षानुवर्षं धरलेला आग्रह होता. भाषांतराच्या कमाईमुळे कार्टरबाई कोणाच्या ओशाळ्या राहिल्या नाहीत. उन्हाळा डीलला, हिवाळा लंडनच्या क्लार्जेस स्ट्रीटवर भाड्याच्या खोल्यांत, असा त्यांचा शिरस्ता होता. १७७५ मध्ये मॉन्टेग्यूबाईंनी त्यांना वर्षाला १०० पौंड लावून दिले. वारसा हातात येताच त्यांनी हे केलं.

भेट होत नसेल तेव्हा पत्रं. पण टपाल महाग होतं ना?

फार महाग, आणि पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे. १८१२ च्या दरांनुसार एका कागदाला १५ मैलांपर्यंत ४ पेन्स आणि २३० ते ३०० मैलांना १२ पेन्स. दोन कागद असतील तर दुप्पट. पाकीट हाही एक कागद धरला जाई, म्हणून पत्रच दुमडून वर लाख लावायची. जागा पुरावी म्हणून पान भरलं की कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरूनच काटकोनात पुन्हा लिहायचं. अशी पत्रं वाचताना डोळे दुखतात, पण मैत्रिणीच्या खिशाची काळजीच त्या आडव्या-उभ्या ओळींतून दिसते. खासदाराची सही मिळाली तर पत्र फुकट जाई, म्हणून घरी आलेल्या खासदाराकडून कोऱ्या कागदांवर पत्ते लिहून घ्यायची धडपड चाले. पुढे त्यावर निर्बंध आले.

१७८४ मध्ये ब्रिस्टल-बाथ-लंडन मार्गावर टपालाच्या वेगवान गाड्या सुरू झाल्या. तोवर टपाल घोड्यावरच्या पोरांच्या भरवशावर होतं.

पत्र खाजगी नसे. ते सगळ्या घराला वाचून दाखवलं जाई. फक्त मैत्रिणीसाठी असलेला मजकूर वेगळ्या तुकड्यावर लिहिला जाई, किंवा तेवढा भाग गाळून वाचायचं असं ठरलेलं असे. जेन ऑस्टिन यांची जेमतेम १६० पत्रं उरली आहेत, कारण बहीण कॅसांड्रा हिने बरीच जाळून टाकली. अभ्यासकांना याचं दुःख होतं आणि मलाही होतं. तरी बहिणीने बहिणीचं मन झाकलं, असंच मी त्याकडे पाहते.

या मैत्रीचा व्यवहारात काय उपयोग होता?

सगळ्यात आधी बाळंतपण. प्रसूतीत जीव जाण्याची भीती खरी होती. विवाहित मैत्रिणी आणि नात्यातल्या बायका आधीपासून येऊन राहत. नंतर महिनाभर बाळंतीण खोलीत असे आणि भेटायला येणाऱ्यांनाही कॉडल दिलं जाई: वाइन किंवा एल (एक प्रकारची बिअर) घातलेली गरम, मसालेदार, अंड्याने घट्ट केलेली पेज. आपल्याकडे बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातला एखादा भेटायला आलेल्या बाईच्या हातावर ठेवतात, तसंच.

दुसरा उपयोग छप्पर मिळण्याचा. मार्था लॉइड यांची आई १८०५ मध्ये वारली. त्या ऑस्टिन माय-लेकींबरोबर राहायला आल्या. आधी साउथॅम्पटन, मग १८०९ पासून चॉटन गावातलं घर. थोड्या पैशांत राहणाऱ्या चार बायकांनी एक घर चालवलं. मार्थाबाईंची पाककृतींची हस्तलिखित वही अजून आहे. घरकामाचा भार वाटला गेला आणि जेन यांना लिहायला वेळ मिळाला. इंग्रजी साहित्य त्या स्वयंपाकघराचं किती ऋणी आहे, हे पुरेसं सांगितलं जात नाही.

तिसरा, दुःखात काहीतरी करायला लावणं. मेरी डेलनी १७६८ साली दुसऱ्यांदा विधवा झाल्या. पोर्टलंडच्या डचेस मार्गारेट या त्यांच्या जुन्या मैत्रिणीने त्यांना दरवर्षी कित्येक महिने आपल्या बल्स्ट्रोडच्या घरी ठेवून घेतलं. हिवाळ्यात दोघीही लंडनमध्ये असत. डचेसला वनस्पतींचं वेड. तिच्याच सहवासात १७७२ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, डेलनीबाईंनी रंगीत कागद कापून काळ्या पार्श्वभूमीवर हुबेहूब फुलं चिकटवायला सुरुवात केली. नजर अधू होईपर्यंत दहा वर्षांत ९८५ फुलं झाली. १७८५ मध्ये डचेस वारल्या, तेव्हा राजाने डेलनीबाईंना विंडसरला घर आणि वर्षाला ३०० पौंड दिले.

आणि मैत्रीण गेली की पोकळीही तेवढीच मोठी. ॲन लेफ्रॉय या शेजारच्या पाद्र्याच्या पत्नी, वयाने बऱ्याच मोठ्या, जेन ऑस्टिन यांच्या लहानपणापासूनच्या आधार. १८०४ मध्ये १६ डिसेंबरला घोड्यावरून पडून त्या गेल्या. तो जेन यांचा वाढदिवस होता. चार वर्षांनी त्याच दिवशी जेन यांनी त्यांच्यावर कविता लिहिली.

ही मैत्री की प्रेम?

कधी एक, कधी दुसरं, कधी दोन्ही. एलेनर बटलर आणि सारा पॉन्सनबी १७७८ साली आयर्लंडमधून घरच्यांचा विरोध मोडून निघाल्या आणि १७८० पासून वेल्समधल्या लँगोलेनला प्लास न्यूइड या घरात जवळजवळ ५० वर्षं एकत्र राहिल्या. एलेनर डायरीत सारा यांचा उल्लेख 'माझी प्रिय' असा करतात. त्यांना भेटायला लेखक, सरदार, सगळे येत. १८२२ मध्ये यॉर्कशायरच्या ॲन लिस्टर त्यांच्याकडे गेल्या. या ॲनबाईंच्या डायऱ्यांतला मोठा भाग सांकेतिक लिपीत आहे, आणि स्त्रियांवरचं आपलं प्रेम त्यांनी त्यात मोकळेपणाने लिहिलंय. त्यामुळे 'त्या काळी असं नव्हतंच' हे म्हणणं टिकत नाही. लँगोलेनच्या दोघींनी स्वतः जे नाव दिलं नाही, ते आपण त्यांच्यावर चिकटवू नये एवढंच मला वाटतं.

एवढ्या थंडीत पातळ मलमलीचे कपडे?

१७९० नंतरच्या फॅशनमध्ये हो. आत फ्लॅनेलचा परकर, वर छोटं जाकीट किंवा लांब कोट, हात घालायला फरचा मफ, आणि परवडत असेल तर काश्मिरी शाल. मलमल बंगालची, शाल काश्मीरची. अस्सल शाल विणायला कित्येक महिने लागत, किंमत तशीच. म्हणून नॉरिच, एडिनबर्ग आणि नंतर पेझली इथे नकला निघाल्या. आपल्या कोयरीच्या नक्षीला इंग्रजीत त्या स्कॉटिश गावाचं नाव पडलं, ते यातूनच.

चहातल्या साखरेवर बहिष्कार टाकला होता म्हणे?

हो. त्या काळी चहा चीनमधून येई. १७८४ मध्ये त्यावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला आणि चहा खूप पसरला. साखर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमातून येई. १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव संसदेत पडला, तेव्हा लोकांनी ती साखर सोडली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने असे सुमारे ३ लाख लोक होते. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांना घरात काय येईल हे ठरवता येत होतं, आणि चहाच्या टेबलावर पाहुण्यांना कारण सांगता येत होतं. १८२० नंतर बायकांच्या स्वतंत्र संघटना झाल्या. एलिझाबेथ हेरिक यांनी १८२४ मध्ये पुस्तिका काढून गुलामगिरी टप्प्याटप्प्याने नको, ताबडतोब बंद करा, अशी मागणी केली. पुरुष पुढारी तेव्हा तितकं म्हणायला तयार नव्हते. अनेक घरंदाज कुटुंबांचा पैसा त्याच मळ्यांतून आलेला होता, हेही इथेच सांगायला हवं.

ख्रिसमसला काय करत?

झाड सजवणं अजून घरोघरी नव्हतं. राणी शार्लटने १८०० साली विंडसरला मुलांसाठी झाड उभं केलं, पण ती पद्धत नंतर रुजली. खरी मजा ६ जानेवारीच्या आसपास, 'ट्वेल्फ्थ नाइट'ला. मोठा केक कापायचा, चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीत येईल ते सोंग रात्रभर वठवायचं.

थेम्स गोठली की बायका बर्फावर जात?

जात. १७३९-४० आणि १७८८-८९ च्या हिवाळ्यांत नदीवर जत्रा भरली. शेवटची १८१४ च्या फेब्रुवारीत, चारच दिवस. बर्फावर छापखाने मांडले होते आणि हत्तीही चालवला होता. १८३१ मध्ये जुना लंडन ब्रिज पाडायला घेतला. त्याच्या दाट खांबांमुळे अडणारं पाणी मोकळं झालं आणि नदी पुन्हा तशी गोठली नाही.

हे सगळं नोकरांच्या जिवावर ना?

हो. पहाटे अंधारात राख काढून आग पेटवणारी मोलकरीण आणि नाच संपेपर्यंत बाहेर गारठणारा गाडीवान यांच्याशिवाय यातलं काहीच शक्य नव्हतं. त्यांच्या डायऱ्या फारशा उरल्या नाहीत. लँगोलेनच्या मेरी कॅरिल यांची आठवण मात्र उरली. त्या मोलकरीण म्हणून दोघींबरोबर राहिल्या, १८०९ मध्ये वारल्या, आणि तिघींची समाधी एकच आहे.

मुंबईतल्या इंग्रज बायकांचं काय?

मारिया ग्रॅहम १८०९ मध्ये मुंबईला आल्या. त्यांचं प्रवासवर्णन १८१२ साली छापलं गेलं. इथल्या इंग्रज बायकांबद्दल त्यांचं मत कडक होतं: नटणं फार, वाचन थोडं. स्वतः त्या घारापुरीची लेणी पाहत हिंडल्या.

त्याआधीची गोष्ट एलायझा ड्रेपर यांची. जन्म केरळातल्या अंजेंगोचा, १४ व्या वर्षी मुंबईत कंपनीच्या अधिकाऱ्याशी लग्न. १७६६-६७ चा हिवाळा त्यांनी लंडनमध्ये काढला, आणि तिथे त्यांना ॲन जेम्स ही मैत्रीण मिळाली. मुंबईला परतल्यावर नवऱ्याबरोबरचे हाल कोणाला सांगायचे? १७७२ मध्ये त्यांनी ॲनबाईंना लांबलचक पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी त्या माझगावच्या घरातून रात्री निघून गेल्या. लग्नाने कोंडलेल्या बाईला समुद्रापलीकडची मैत्रीण किती जवळची वाटत होती, ते त्या पत्रावरून कळतं.

यातलं आज काय काय पाहता येतं?

बाथचे असेंब्ली रूम्स १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले होते, ते पुन्हा उभे केले आहेत. चॉटनचं घर आणि प्लास न्यूइड ही दोन्ही संग्रहालयं आहेत. डेलनीबाईंची फुलं ब्रिटिश म्युझियमकडे आहेत. लंडनमध्ये मराठी माणसाने आवर्जून जावं अशी जागा आग्नेय भागातल्या शूटर्स हिलवर आहे. ॲन जेम्स यांचे पती विल्यम जेम्स यांनी १७५५ मध्ये, पेशव्यांच्या मदतीने, तुळाजी आंग्र्यांकडून हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला होता. ते १७८३ मध्ये वारले आणि ॲनबाईंनी पुढच्या वर्षी त्यांच्या स्मरणार्थ तिथे तिकोनी बुरूज बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे सुवर्णदुर्गच. तो अजून उभा आहे, आत जाता येतं आणि खाली चहाही मिळतो. निघण्याआधी उघडण्याचे वार पाहून घ्या.